खारींशी उभा दावा

३० नोव्हेंबर

लाइल,

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्येच तोंड घालत नाही.

आई कुठेही जाणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. ॲरिझोनातलं ते बारमाही ऊन, तुझ्या घराजवळचा तो वृद्धाश्रम, ती पोहण्याच्या तलावाकाठची झाडं, सगळं तुझं तुला लखलाभ. उजवा हात-पाय हलत नसलेल्या बाईला तलाव दाखवायला एवढ्या लांब न्यायचं, हे तुझ्यासारख्या नदीवर पूल बांधणाऱ्या इंजिनिअरलाच सुचू शकतं.

तू थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर टर्की कापता कापता म्हणालास, "डार्ला, तिला आता काही कळत नाही. तू एकदाचं हे मान्य कर." आई तुझ्या समोर बसली होती. ती तुझ्याकडे बघत होती आणि तू सुरीकडे. मग ती जे म्हणाली ते तुला झोंबलं. गोड वाढायच्या आत तू कोट चढवून निघून गेलास.

पण त्यात झोंबण्यासारखं काय होतं? ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिचे सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी शिव्या कधीकधी उरतात, त्या मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतात म्हणे. जिने चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, जिने आपल्या दोघांना साधं 'गाढव' म्हटलं नाही, तिच्याकडे आता 'हलकट' एवढाच शब्द आहे. परवा पाद्रीसाहेब आले. वाकून, हात हातात घेऊन म्हणाले, "अर्डिस, कसं वाटतंय आज?" आई शांतपणे म्हणाली, "हलकट." ते कॉफी न पिताच गेले. मला त्याची लाज वाटत नाही. तुला वाटत असेल तर तुझी तू बघ.

तिचा पलंग मी जेवणाच्या खोलीत हलवलाय, मागच्या अंगणाकडच्या खिडकीशी. तिचा तो पक्ष्यांचा फीडर समोरच दिसतो. म्हणजे पक्षी दिसायला हवेत. प्रत्यक्षात दिसतात खारी. सकाळी बिया भरल्या की मांजराएवढ्या माजलेल्या त्या करड्या खारी खांबावरून सरसर चढतात, फीडरला उलट्या लटकतात आणि दुपारपर्यंत फडशा पाडतात. लाल कार्डिनल पक्षी कुंपणावर बसून बघत राहतो, ताटकळतो आणि उडून जातो. तो उडाला की आई भिंतीकडे तोंड फिरवते.

मी ते होऊ देणार नाही. खारींनाही नाही आणि तुलाही नाही.

डार्ला

१४ डिसेंबर

लाइल,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मी लिहीत राहीन, तू फाडत राहा.

शेजारच्या ऑरिनला विचारलं. चीजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो गावातल्या सगळ्यांना सगळ्या विषयांवर सल्ला देतो, तसा मलाही दिला. "खांबाला चरबी फास, बाई. घसरून आपटतील." मी डुकराच्या चरबीचा डबा घेऊन निघाले, तर आई डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटायला लागली. "हलकट, हलकट!" मला वाटलं खारींना म्हणतेय. ती माझ्याकडे बघत होती, डब्याकडे बोट करत होती, मग स्वतःच्या उजव्या बाहीवरून हात फिरवून बोटं चिकटल्यासारखी करून दाखवत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चरबी पिसांना लागली की पिसं चिकटतात, मग या थंडीत पाखरू गारठून मरतं. लहानपणी तिनेच आपल्याला हे सांगितलं होतं. मला आठवलं नाही, तिला आठवलं.

आता लिही मला की तिला काही कळत नाही.

मग ऑरिन म्हणाला, "बियांना लाल तिखट चोळ. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, खारींना लागतं." हे खरं निघालं. पण मी चोळत असताना वारा उलटा फिरला. मी अंगणात डोळे धरून गोल गोल फिरत होते, स्वतःच्याच पायात अडकून बर्फात बसले. खिडकीतून असा आवाज आला की मला वाटलं आईचा श्वास अडकला. तशीच आंधळ्यासारखी धडपडत आत धावले. आई हसत होती, लाइल. ऑगस्टपासून पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसतं तिचं, पण ते अर्धं पूर्ण हसत होतं.

खारी आठवडाभर शिंकल्या. आता लोणचं खावं तसं तिखट चाटूनपुसून खातात.

डार्ला

५ जानेवारी

लाइल,

पत्र मिळालं. आईबद्दल चार ओळी आणि खांबाबद्दल दीड पान!

आधी त्या चार ओळींचं बघू. "हातवारे ही सवयीची हालचाल असते, त्यावरून समज ठरत नाही." हे तुला कुणी सांगितलं? तू किती दिवस बसलास तिच्याजवळ? हसणंही सवयीचं का? मग तुला ती सवय का लागली नाही?

आणि ती वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका. निवडुंगाशेजारी पांढऱ्या केसांची जोडपी दात दाखवत उभी आहेत. मी ती आईच्या मांडीवर ठेवली. चोरून काही करायची मला गरज नाही. तिने पानं उलटली, मग त्यातलं एक पान डाव्या हाताने चुरगळून त्याने चष्मा पुसला.

आता खांबाचं. खार सपाट उडी आठ-दहा फूट मारते, म्हणून खांब कुठल्याही झाडापासून, छपरापासून त्याहून लांब हवा, आणि खांबाच्या मध्यावर चुलीच्या धुराड्याचा पत्र्याचा नळा बसवायचा म्हणजे चढताना नखं रुतत नाहीत. बाण काढलेत, मापं लिहिलीत, बर्फ साचून जमीन वर येते त्याचाही हिशेब धरलायस. छान आराखडा आहे. आईबद्दल एवढा विचार केला असतास तर बरं झालं असतं. मी तो वापरणार नाही.

खांब मी माझ्या मनाने हलवलाय. ओसरीच्या छपरापासून चांगला लांब नेला. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून बादलीत सिमेंट ओतून त्यात उभा केला. तरी दुसऱ्याच दिवशी एक तुटक्या शेपटीची खार फीडरवर हजर. ही आली कुठून हे मला कळेना. मी खिडकीशी उभी राहून बघायचे, पण कॉफी ओतायला वळले की ही वर बसलेली. शेवटी आईने माझी बाही ओढली, चमच्याने वर दाखवलं. मेपलचं झाड. खालून तिसरी फांदी, ती खांबावर आलीय. खार टोकापर्यंत येते, फांदी वाकते आणि ती सोडून देते स्वतःला.

"तू कधीपासून बघतेयस हे?" मी विचारलं.

"हलकट," आई म्हणाली. तिने मला इतक्या प्रेमाने कधीच काही म्हटलं नव्हतं.

फांदी तोडावी लागेल.

डार्ला

६ फेब्रुवारी

लाइल,

अक्षराकडे बघू नकोस. थंडीने बोटं आखडलीत.

फांदी तुटली. आता ते काम संपलं.

आई ठीक आहे. थोडा खोकला आहे, छातीत कफ साठलाय, औषध चालू आहे. जेवणाच्या खोलीच्या खिडकीला सध्या प्लायवूड लावलंय, तेव्हा पलंग बैठकीच्या खोलीत आणलाय. ऑरिनची बायको रोज बटाट्याचं आणि बीन्सचं काहीतरी भाजून आणते. मी नको म्हटलं तरी आणते. आईला आंघोळ घालायलाही तीच येते. तिला वेळ जात नाही बहुतेक.

तू काही काळजी करू नकोस. करतोस असं नाही, पण सुरू करू नकोस.

डार्ला

१७ फेब्रुवारी

लाइल,

ऑरिनने तुला फोन केला हे मला कळलं. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय, पण तो रोज येऊन माझ्या अंगणातला बर्फ काढतो, त्यामुळे न बोलणं अवघड जातं. त्याने सांगितलंच आहे तर नीट ऐक. त्याला अर्धंच माहीत आहे.

मी शिडी लावून चढले. हो, एकटी. हो, बर्फावर. हो, त्रेसष्टाव्या वर्षी. तुझे सगळे प्रश्न संपले असतील तर पुढे वाच.

फांदी कापून होत आली तेव्हा ती मला वाटलं तशी खाली पडली नाही. झोका घेऊन आडवी आली आणि शिडीवर आदळली. मी पाठीवर पडले, शिडी पायावर. उजवं मनगट मोडल्याचं मला ऐकू आलं. उठता येईना. हाक मारायला गेले तर छातीत हवाच नाही. सकाळी दहा-साडेदहाची वेळ, ऊन लख्ख, आणि अशी थंडी की नाकातला श्वास गोठावा. ऑरिन त्याच्या अंगणात बर्फ काढायचं यंत्र फिरवत होता. कुंपणापलीकडे त्याची टोपी जाताना-येताना मला दिसत होती. त्या यंत्राच्या घरघरीत मी मेले असते तरी त्याला कळलं नसतं.

मी मान वळवली तर खिडकीत आई. चाकांच्या खुर्चीत बसवून आले होते मी तिला. ती माझ्याकडे बघत होती. मग दिसेनाशी झाली. मला वाटलं, घसरली. आता दोघीही पडलो, आता आपल्याला उचलायला कोणी नाही, लाइल म्हणत होता ते खरं झालं. हो, हे आलं होतं माझ्या मनात. वाच आणि खूश हो.

पण ती पडली नव्हती. बियांची काचेची बरणी आम्ही खिडकीखाली जमिनीवर ठेवतो, ती घ्यायला वाकली होती. एका हाताने. ती भरलेली बरणी मला दोन हातांनी उचलताना जड जाते. तिने ती मांडीवर घेतली आणि खिडकीवर फेकली. काच फुटली, बरणी बाहेर आली, बिया सगळ्या बर्फावर, माझ्या केसांत, कोटावर. मग त्या फुटक्या काचेतून तोंड बाहेर काढून ती ओरडायला लागली. "हलकट! हलकट! हलकट!" मधे थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा. चाळीस वर्षं त्या चर्चभर ऑर्गन घुमवणाऱ्या बाईला एक स्वर किती ताणायचा हे कळतं.

ऑरिनचं यंत्र काही थांबेना. तोवर बिया बघून खारी उतरल्या. आधी तुटकी शेपटी, मग बाकीच्या. माझ्या अंगाभोवती गोल बसून शांतपणे जेवत होत्या, एक तर माझ्या कोटावर पाय देऊन. मी डोळे वटारले तर तिने बी सोलून साल माझ्या हनुवटीवर टाकलं. तेव्हा मी ठरवलं की अशी मरणार नाही. यांच्या पंगतीत तर मुळीच नाही.

शेवटी यंत्रातलं पेट्रोल संपलं. ऑरिन थांबला. शांततेत आईचा आवाज गावभर गेला. तो कुंपण ओलांडून आला तेव्हाही ती ओरडतच होती. त्याने मला उचललं, आणि मग तिला म्हणाला, "बस, अर्डिस, बस आता. ऐकलं मी." तेव्हा ती थांबली. फुटक्या काचेतून येणाऱ्या त्या वाऱ्यात ती तेवढा वेळ बसली होती. खोकला त्याचाच आहे.

मनगटाला प्लास्टर आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. पाय नुसता मुरगळलाय.

आता मला सांग, ही सवयीची हालचाल होती का?

तू येतोयस असं ऑरिन म्हणाला. ये. पण तिला न्यायला येत असशील तर आधी मला उचलावं लागेल, आणि मी तिच्याहून जड आहे.

डार्ला

२२ मार्च

लाइल,

तू विमानात बसलास त्याला आता आठवडा होईल. तू इथे असताना आपण फार बोललो नाही, म्हणून लिहितेय. मी कुठल्या गोष्टीला मान डोलावली आणि कुठल्या नाही, हे स्पष्ट असावं.

पहिल्या दिवशी तू तिच्या समोर खुर्ची ओढून विचारत होतास, "आई, आज वार कोणता? हे कोणतं साल?" ती तुझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिली. तू माझ्याकडे वळून 'बघ' अशा चेहऱ्याने बघितलंस. मी तेव्हा गप्प बसले ते हरले म्हणून नाही. नव्वदीच्या बाईने स्वतःच्या घरात परीक्षा का द्यावी?

खिडकीची नवी काच तू बसवलीस, चांगली बसवलीस, पलंगही परत तिथे लावलास. आणि मग मला न विचारता तळघरातून तो जुना पत्र्याचा नळा काढून खांबाला लावायला गेलास. गुडघाभर बर्फात, बाबांचे बूट घालून. मी सांगणार नव्हते, पण खिडकीआड मी आईशेजारीच उभी होते. तुटकी शेपटी आली, खांब चढली, नळ्यावर पाय टाकला आणि उलटी होऊन थेट तुझ्या खांद्यावर आली. तू जो नाचलास! आई हसली. तू वळून बघितलंस, आणि हसू थांबवून तिने तुला हात केला. खारीला नाही, काचेला नाही, तुला. आत आलास तेव्हा तुझा चष्मा धुक्याने भरला होता, असं तू म्हणालास. बरं.

त्यानंतर तू तिच्याशी बोललास. पहिल्यांदा तिच्याशी, तिच्याबद्दल नाही.

"आई, मी विचारतो. हो असेल तर एकदा टकटक कर, नाही असेल तर काही करू नकोस. चालेल?"

टक.

"माझ्याकडे ॲरिझोनाला येशील?"

काही नाही. तू पुन्हा विचारलंस. तिने तिच्या मांडीवरची तुझी पुस्तिका उचलून तुझ्या मांडीवर ठेवली. मी किती खूश झाले होते ते मी लपवलं नाही. मी म्हणाले, "झालं? ऐकलंस? ती इथेच राहणार."

तेव्हा आईने माझं प्लास्टर धरलं. घट्ट. मग हात सोडून बोट खिडकीबाहेर केलं. अंगणाच्या पलीकडे, ऑरिनच्या छपरावरून चर्चचा मनोरा दिसतो आणि त्याच्या मागे ते पिवळ्या विटांचं घर, जिथे गावातली म्हातारी माणसं राहतात. मी म्हणाले, "कार्डिनल दिसला का? हो, आलाय." ती बोट हलवेना. मी म्हणाले, "पडदा ओढू? ऊन लागतंय?"

"डार्ला," तू म्हणालास, "ती कार्डिनल दाखवत नाहीये."

मला ते दिसत होतं. ते तू मोठ्याने बोलायला नको होतंस.

"आई, पिवळ्या घरात जायचंय तुला?"

टक.

"ती दमलीय," मी म्हणाले. "तिला प्रश्न नीट कळला नाही."

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि तू माझ्याकडे बघितलंस. तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सगळा हिवाळा मी तुला हेच सांगत होते की तिला कळतं, तिला मन आहे, तिचं स्वतःचं. आणि ते मन माझ्याविरुद्ध गेलं तेव्हा मीच म्हणाले की तिला कळत नाही.

मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. म्हणाले, "आई, मनगट बरं होईल. महिन्याभरात मी तुला पुन्हा उचलू शकेन. मी शिडीवर चढणार नाही. मला जमतं."

तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "हलकट." मग पलंगाच्या कठड्यावर टकटक केली. एकदाच, सावकाश. तिचं हो पक्कं होतं.

मी मान डोलावली ती तुला नाही, तिला. ही नोंद तू करून ठेव. ही तुझी जीत नाही. तुला ॲरिझोना हवं होतं, मला हे घर. तिने आपल्या दोघांनाही हरवलं.

डार्ला

१९ मे

लाइल,

आई पिवळ्या घरात रुळली. तळमजल्यावरची खोली, शेजारी फिलिस म्हणून एक बाई, जिच्या मुलीचं लग्न लागताना आईने ऑर्गन वाजवला होता. फिलिसला ऐकू येत नाही आणि आईला बोलता येत नाही, त्यामुळे दोघींचं उत्तम जमतं. मी रोज दुपारी जाते. घरी शांत आहे. मी जेवणाची खोली पुन्हा जेवणाची केलीय, फक्त तिथे जेवत नाही.

हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. आईच्या नव्या खिडकीबाहेर हिरवळ आहे, त्यावर काहीही नाही. मी मॅनेजर लिंडगार्डबाईंना म्हणाले, इथे फीडर लावते. त्या म्हणाल्या, "नियम आहे. सांडलेल्या दाण्यांनी उंदीर येतात." मी म्हणाले, खाली ताट लावीन, रोज झाडीन. त्या म्हणाल्या, "आज तुम्हाला हो म्हटलं तर उद्या सगळे मागतील." मी म्हणाले, "मग सगळ्यांना द्या."

मी एक नवा आणून लावला. संध्याकाळी त्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा काढून ऑफिसात नेला. घरचा होता तोही गेला. मग ऑरिनने दुधाच्या कॅनचा एक बनवून दिला, तोही जप्त. आता ऑफिसच्या कपाटावर ते तिन्ही रांगेत ठेवलेत. मला लेखी ताकीद मिळाली की पुन्हा असं केलं तर माझ्या भेटीच्या वेळा कमी करतील.

आईला वाचून दाखवली ती ताकीद. मला वाटलं, ती म्हणेल पुरे आता. विचारलं, "थांबू का?" तिने टकटक केली नाही. मी पुन्हा विचारलं, नीट, हळू. काही नाही. मग खुर्चीचा ब्रेक सोडून तिने एका हाताने चाक ढकललं आणि दाराकडे निघाली, आधी तिरकी, भिंतीला आपटत, मग सरळ.

काल सकाळी मी खांब घेऊन गेले. बादलीतला नाही, खरा, जमिनीत पुरायचा. आईला हिरवळीवर नेलं आणि खणायला लागले. मनगट अजून दुखतं, तेव्हा काम हळू चाललं होतं. लिंडगार्डबाई बाहेर आल्या. बाई वाईट नाहीत, लाइल, त्यांच्या मागे काम फार आहे. त्या म्हणाल्या, "डार्ला, प्लीज. मला कुणाला तरी बोलवायला लावू नका." आणि फावडं घ्यायला पुढे झाल्या.

आई मधे आली. खुर्ची आडवी घातली, खड्डा आणि बाई यांच्या मधोमध. मला वाटलं, आता तो शब्द येणार. मी तर वाटच बघत होते. पण ती काहीच बोलली नाही. डावा हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिली, चर्चमध्ये ऑर्गनपाशी बसायची तशी. बाई डावीकडून आल्या, तिने चाक डावीकडे वळवलं. उजवीकडून आल्या, तिकडे वळवलं. लिंडगार्डबाई थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या आईला मी काय सांगतेय ते कळतं का?"

"तिलाच विचारा," मी म्हणाले.

बाई खाली वाकल्या, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. "मिसेस हाल्व्हर्सन, तुम्हाला हे हवंय?"

टक.

"मी नाही म्हटलं तरी?"

टक.

त्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं. मग उठल्या, स्कर्ट झटकला, म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे," आणि आत गेल्या. खांब उभा आहे. आज सकाळीही होता. उद्याचं माहीत नाही. परवानगी मिळालेली नाही, आणि आम्ही मागितलेलीही नाही.

तुझ्या कालच्या निरोपात तू विचारलंस, जूनमध्ये येऊ का, ते नळ्याचं काम नीट करून देतो. खांब आईच्या खिडकीसमोर आहे आणि खिडकी तिची आहे. मला विचारू नकोस. पिवळ्या घराचा नंबर तुझ्याकडे आहे. फोन लाव, तिला द्यायला सांग. ते रिसीव्हर तिच्या कानाला धरतील. तू विचार, आणि मग गप्प बस, लाइल, मध्ये बोलू नकोस. तिला वेळ लागतो.

डार्ला